इंग्रजी पत्रातला ‘एस’: तीच चूक पुन्हा पुन्हा का होते आणि ती कुठे पकडायची

आधी लक्षण सांगते. मागणीपत्रात ‘फर्निचर्स’ लिहिलेलं असतं. त्यातला ‘एस’ लाल पेनाने खोडून पत्र परत जातं, लिहिणारा ते सुधारून आणतो आणि पत्र रवाना होतं. महिन्याभराने त्याच टेबलावरून दुसरं पत्र येतं, त्यात ‘इक्विपमेंट्स’ असतं. ‘वन ऑफ द स्टुडंट’ सुधारून दिलं की आठवड्याने ‘वन ऑफ अवर टीचर’ हजर. महाविद्यालयाच्या कार्यालयात इंग्रजी पत्रव्यवहार तपासण्याचं काम मी बरीच वर्षं करते आहे आणि ही चूक जशी परतून येते तशी दुसरी कुठलीच येत नाही. ती करणाऱ्यांना नियम विचारा, घडाघडा सांगतात. शाळेत मोजता येणारी नामं आणि न मोजता येणारी नामं असे दोन रकाने प्रत्येकाने पाठ केलेले असतात. म्हणजे अडचण नियम ठाऊक नसण्याची नाही.

माझं निदान असं आहे. लिहिताना आपण मनात विचारतो, ‘वस्तू एक आहे की अनेक?’ इंग्रजी हे वस्तूकडे बघून ठरवत नाही, शब्दाकडे बघून ठरवतं. आणि त्या क्षणी आपल्या मनात इंग्रजी शब्द एकटा नसतो. त्याच्यामागे मराठी शब्द उभा असतो आणि त्या मराठी शब्दाचं अनेकवचन कसं होतं, किंवा होतंच का, यावरून हात ‘एस’ लावतो किंवा गाळतो. म्हणून चूक दिसली की मी लिहिणाऱ्याला इंग्रजी नियम सांगत बसत नाही. ‘हे लिहिताना मनात कुठला मराठी शब्द होता?’ एवढंच विचारते. उत्तर मिळालं की बहुतेक वेळा चुकीचं मूळही सापडतं.

‘एस’ जास्तीचा लागला आहे

‘इन्फर्मेशन्स’पासून सुरुवात करू. मराठीत ‘माहिती’चं अनेकवचन आपण करत नाही. दहा कार्यालयांतून आली तरी ती ‘सगळी माहिती’च राहते. ‘सामान’, ‘मदत’, ‘प्रगती’, ‘पत्रव्यवहार’, ‘यंत्रसामग्री’, ‘संशोधन’ हे शब्दही तसेच. इंग्रजीतले त्यांचे जोडीदार म्हणजे इन्फर्मेशन, लगेज, हेल्प, प्रोग्रेस, करस्पाँडन्स, मशिनरी आणि रिसर्च. यांपैकी एकालाही ‘एस’ चालत नाही. इथे मराठी कानच तुमचा तपासनीस आहे. ‘माहित्या’ कानाला खटकतं ना? मग ‘इन्फर्मेशन्स’ही खटकलं पाहिजे. ‘फर्निचर’ आणि ‘स्टेशनरी’ तर आपण मराठीतही जसेच्या तसे वापरतो, आणि ‘नवं फर्निचर आलं’ असंच म्हणतो. मागणीपत्रात ‘एस’ लागतो तो मनात टेबलं, खुर्च्या आणि कपाटं मोजली जात असतात म्हणून.

खरा सापळा दुसऱ्या गटात आहे. ज्यांचं मराठीत सरळ अनेकवचन होतं आणि इंग्रजीत होत नाही, असे हे शब्द. सल्ला-सल्ले, पुरावा-पुरावे, बातमी-बातम्या, दागिना-दागिने, उपकरण-उपकरणे. ‘पैसे’ आणि ‘केस’ तर आपण अनेकवचनातच बोलतो. पैसे मिळाले, केस पिकले. म्हणून ‘अ‍ॅडव्हायसेस’, ‘एव्हिडन्सेस’, ‘ज्वेलरीज’, ‘इक्विपमेंट्स’ आणि ‘हेअर्स’ हे सारखे परत येतात. इथे मराठी कान मदत करत नाही, उलट चुकीच्या बाजूला ओढतो. एवढी सात-आठ नावं टेबलासमोर कागदावर लिहून चिकटवा. मोठी यादी नको, ती कोणी वाचत नाही.

मोजायची वेळ आली तर ‘टू पीसेस ऑफ एव्हिडन्स’ किंवा ‘थ्री आयटम्स ऑफ ज्वेलरी’ असं लिहिता येतं. औपचारिक पत्रात मात्र नामच बदलणं मला जास्त आवडतं. चौकशी समितीपुढे तीन पुरावे ठेवले असतील तर ते नक्की काय आहेत? कागद असतील तर ‘थ्री डॉक्युमेंट्स’ लिहा, जबाब असतील तर ‘थ्री स्टेटमेंट्स’. समितीने चार सल्ले दिले असतील तर ‘फोर रेकमेंडेशन्स’. प्रयोगशाळेत पंधरा उपकरणं हवी असतील तर ‘फिफ्टीन इन्स्ट्रुमेंट्स’. ‘एस’चा प्रश्न सुटतो आणि वाक्य अधिक नेमकंही होतं.

एक बारकावा. केस मोजायचेच असतील, समजा तपासणीच्या नमुन्यात दोन केस सापडले, तर ‘टू हेअर्स’ बरोबर आहे. ‘मनी’चं ‘मनीज’ हे रूपही कायद्याच्या आणि हिशेबाच्या भाषेत चालतं. भारतीय संविधानाच्या 266व्या अनुच्छेदात सरकारला मिळणाऱ्या रकमांसाठी तेच रूप वापरलेलं आहे. महाविद्यालयाच्या पत्रात मात्र त्याची गरज पडत नाही. ‘अमाउंट’ किंवा ‘फंड्स’ लिहून काम भागतं.

‘एस’ गळला आहे

हे लक्षण उलटं आहे आणि याचं कारण समजलं तेव्हा मला फार बरं वाटलं होतं. ‘फॉर्टी स्टुडंट वेअर प्रेझेंट’, ‘थर्टी कंप्युटर’, ‘फाइव्ह फॉर्म’, ‘ऑल द रिपोर्ट’. घाईघाईत लिहिलं असेल असं मी बरेच दिवस समजत होते. मग लक्षात आलं की हीच माणसं ‘फाइल्स’ आणि ‘नोटिसेस’ बरोबर लिहितात.

मराठीत व्यंजनाने संपणाऱ्या पुल्लिंगी नामाचं अनेकवचन दिसत नाही. एक दगड, दहा दगड. एक अर्ज, पाच अर्ज. एक शिक्षक, सहा शिक्षक. ‘विद्यार्थी’ ईकारान्त आहे, पण त्याचंही तेच, एक विद्यार्थी आणि चाळीस विद्यार्थी. इंग्रजीतून आलेले जे शब्द आपण पुल्लिंगी मानतो तेही याच रांगेत बसले. एक फॉर्म, पाच फॉर्म; एक रिपोर्ट, चार रिपोर्ट; एक कंप्युटर, तीस कंप्युटर. याउलट ‘फाइल’ आणि ‘नोटीस’ आपण स्त्रीलिंगी केले, म्हणून त्यांच्या ‘फायली’ आणि ‘नोटिसा’ झाल्या. तिथे मराठीतही शब्दाचं शेपूट बदलतं, त्यामुळे इंग्रजी लिहिताना ‘एस’ची आठवण होते. ‘फॉर्म’ला मराठीत शेपूट नाही, म्हणून आठवणही नाही.

उपाय सोपा आहे, पण तो लिहिताना करायचा नाही, नंतर करायचा. पत्र पूर्ण झालं की त्यातले सगळे आकडे आणि ‘ऑल’, ‘मेनी’, ‘सेव्हरल’, ‘फ्यू’ हे शब्द शोधायचे आणि प्रत्येकाच्या पुढच्या नामावर बोट ठेवायचं. नाम पुल्लिंगी मराठी वाटतंय का? मग तिथे दोनदा बघायचं.

‘वन ऑफ द’ची चूक याच घरातली आहे, फक्त दार वेगळं. मराठीत आपण म्हणतो ‘विद्यार्थ्यांपैकी एक’. आधी समूह येतो, मग एक निवडतो. इंग्रजीत ‘वन’ आधी येतो आणि तो ऐकला की हात पुढचं नामही एकवचनी लिहितो. म्हणून हे वाक्य लिहिताना मराठी क्रम मनात धरा. ‘पैकी’च्या आधीचं ते अनेकवचनी, म्हणजे ‘स्टुडंट्स’. क्रियापद त्या ‘एका’चं, म्हणजे ‘इज’ किंवा ‘हॅज’. ‘वन ऑफ द स्टुडंट्स हॅज अप्लाइड.’ त्यात ‘हू’ आलं की गणित पुन्हा फिरतं. ‘वन ऑफ द स्टुडंट्स हू हॅव अप्लाइड’ याचा अर्थ अर्ज करणारे अनेक आहेत आणि हा त्यांतला एक. ‘ज्यांनी अर्ज केले त्यांच्यापैकी एक’ असं मराठीत म्हणून बघा, ‘ज्यांनी’ आपोआप अनेकवचनात येतं.

मराठीत एक, इंग्रजीत अनेक

शाळेच्या व्याकरणात हा भाग घाईघाईत उरकतात, पण कार्यालयात सगळ्यात जास्त नडतो तो हाच. सभेचं इतिवृत्त वाचून कायम ‘झालं’. मराठीत एकवचन आहे. इंग्रजीत ते ‘मिनिट्स’, आणि ‘द मिनिट्स वेअर रेड अँड कन्फर्म्ड’. ‘मिनिट्स वॉज’ लिहिलेली पानं मी अजूनही दुरुस्त करते. माल मिळाला, म्हणजे ‘द गुड्स हॅव बीन रिसीव्हड’. आवार कॅमेऱ्याच्या नजरेखाली आहे, म्हणजे ‘दीज प्रेमिसेस आर’. थकबाकी भरली, म्हणजे ‘द एरिअर्स हॅव बीन पेड’. फी भरली याचे दोन बरोबर मार्ग आहेत, ‘द फी हॅज बीन पेड’ किंवा ‘द फीज हॅव बीन पेड’. ‘फीज हॅज’ हा तिसरा मार्ग पावत्यांवर सर्रास दिसतो आणि तो चुकीचा आहे. चष्मा आणि कात्री या एकेका वस्तूसाठीही इंग्रजी शब्द अनेकवचनीच आहे.

‘अभिनंदन’ एकवचनी, म्हणून चौकातल्या फलकांवर ‘काँग्रॅच्युलेशन’ असं लिहिलेलं दिसतं. तिथे ‘काँग्रॅच्युलेशन्स’ हवं. याच्या उलट ‘विथ रिगार्ड्स टू’. पत्राच्या शेवटी ‘रिगार्ड्स’ लिहायची सवय असते, म्हणून पत्राच्या मध्येही तो ‘एस’ शिरतो. ‘च्या संदर्भात’ असा अर्थ असेल तेव्हा ‘विथ रिगार्ड टू’ आणि ‘इन धिस रिगार्ड’ लिहायचं, ‘एस’ नाही. ‘अ‍ॅज रिगार्ड्स’ लिहिलं तर मात्र ‘एस’ राहतो, कारण तिथे ते क्रियापद आहे.

आणि मग ते शब्द, ज्यांत ‘एस’ने अर्थच बदलतो. इथे मी फार काटेकोर राहते. पुरात तळमजल्याचं नुकसान झालं तर ‘डॅमेज’. ‘डॅमेजेस’ म्हणजे न्यायालयाने द्यायला लावलेली नुकसानभरपाई. विमा कंपनीला लिहिताना ‘वॉटर कॉज्ड डॅमेजेस’ लिहिलं तर वाचणारा समजून घेईल, पण कायदेशीर नोटिशीत हा फरक पैशांचा आहे. ‘वर्क’ म्हणजे काम, ‘वर्क्स’ म्हणजे बांधकामं किंवा एखाद्याचं ग्रंथकर्तृत्व. म्हणून सार्वजनिक बांधकाम विभागाच्या इंग्रजी नावात ‘वर्क्स’ आहे. ‘एक्स्पीरियन्स’ म्हणजे नोकरीतला अनुभव, तो दहा वर्षांचा असला तरी एकच. ‘एक्स्पीरियन्सेस’ म्हणजे आलेले अनुभव, प्रसंग. मराठीत दोन्हींना ‘अनुभव’च म्हणतात, म्हणून नोकरीच्या अर्जात ‘आय हॅव टेन इयर्स टीचिंग एक्स्पीरियन्सेस’ येतं. संगणकाची स्पेलिंग तपासणी या शब्दांपाशी हमखास फसते, कारण दोन्ही स्पेलिंग शब्दकोशात आहेत.

आकडा नामाच्या आधी बसला की

‘फाइव्ह डेज वर्कशॉप’. निमंत्रणपत्रिकेत हे इतक्यांदा छापलं जातं की डोळ्यांना सवय झाली आहे. मागे उभी आहे ती ‘पाच दिवसांची कार्यशाळा’. ‘दिवसांची’ अनेकवचनी, म्हणून ‘डेज’. पण इंग्रजीत तो आकडा आणि ‘डे’ मिळून कार्यशाळेचं विशेषण झालं आहे, आणि अशा विशेषणात नाम एकवचनी राहतं, मध्ये आडवी छोटी रेघ येते. ‘अ फाइव्ह-डे वर्कशॉप’, ‘अ टेन-रुपी नोट’, ‘अ थ्री-मेंबर कमिटी’.

यासाठी मी एक युक्ती वापरते आणि ती मराठीतलीच आहे. तोच अर्थ समासाने सांगता येतो का ते बघायचं. पाच वर्षांच्या योजनेला आपण ‘पंचवार्षिक योजना’ म्हणतो. तीन सदस्यांची समिती ‘त्रिसदस्यीय’. दोन चाकांची ती ‘दुचाकी’, चार चाकांची ‘चारचाकी’. समासाच्या आत ‘वर्षे’, ‘सदस्यां’ किंवा ‘चाके’ येत नाहीत, अनेकवचनाचं रूप तिथे शिरतच नाही. देशाची पहिली पंचवार्षिक योजना 1951 साली सुरू झाली, तिचं इंग्रजी नाव ‘फाइव्ह-इयर प्लॅन’, ‘इयर्स’ नाही. दुचाकीला इंग्रजीत ‘टू-व्हीलर’ म्हणताना कोणाचीही चूक होत नाही. तोच साचा कार्यशाळेला लावायचा.

समास जमत नसेल आणि ‘च्या’ ठेवायचा असेल तर ‘इयर्स’ लिहून पुढे वर स्वल्पविरामासारखं चिन्ह द्यायचं, आधी ‘एस’ आणि मग चिन्ह. दहा वर्षांचा अनुभव असा लिहिला की बरोबर.

दोन नामं जोडतानाही पहिलं बहुधा एकवचनी असतं. ‘फी स्ट्रक्चर’, ‘मार्कशीट’, ‘बुक लिस्ट’. पण ‘सेव्हिंग्ज अकाउंट’, ‘स्पोर्ट्स डे’, ‘कस्टम्स ड्यूटी’ आणि ‘गुड्स ट्रेन’ या जोड्या ‘एस’सकट रूढ झाल्या आहेत. बँकेत ‘सेव्हिंग अकाउंट’ असं बोललं जातं, लिहिताना मात्र ‘सेव्हिंग्ज’ हवं.

लाख-कोटींचा प्रश्न वारंवार विचारला जातो, आणि त्याचं उत्तर मराठीत तयार आहे. आपण ‘पाच लाख रुपये’ म्हणतो आणि ‘लाखो भाविक’ म्हणतो. आकडा आला की ‘लाख’, आकडा नसला की ‘लाखो’. इंग्रजीतही ‘फाइव्ह लाख रुपीज’ आणि ‘लाख्स ऑफ डिव्होटीज’. ‘टू हंड्रेड’ आणि ‘हंड्रेड्स ऑफ’ही तसेच. फक्त क्रियापद सांभाळायचं. मराठीत पाच लाख मंजूर ‘झाले’, इंग्रजीत ठरलेली रक्कम एक मानली जाते, म्हणून ‘हॅज बीन सँक्शन्ड’. हे लिहिताना हात अडखळत असेल तर ‘अ सम ऑफ’ने वाक्य सुरू करा, मग ‘हॅज’ आपोआप येतं.

‘सर्वांनी आपापलं’: इथे मात्र व्याकरण पुरत नाही

ही माझ्या हातून झालेली चूक आहे, म्हणून सविस्तर लिहिते. प्रवेशाच्या वेळची सूचना मी लिहिली होती. ‘ऑल कॅन्डिडेट्स मस्ट सबमिट देअर ओरिजिनल मार्कशीट.’ आम्हाला हवी होती प्रत्येक सत्राची गुणपत्रिका. निम्म्या मुलांनी शेवटच्या सत्राची तेवढी आणली. सूचनेत ‘मार्कशीट’ एकवचनी होतं आणि त्यांनी ते जसं लिहिलं होतं तसं वाचलं. त्यात एसटीने दोन-अडीच तास प्रवास करून आलेली मुलं होती. त्यांना परत जावं लागलं. एका मुलीबरोबर तिचे वडील रजा काढून आले होते. ते काही बोलले नाहीत, फक्त सूचनेचा कागद पुन्हा वाचत उभे राहिले.

मी आधी ‘मार्कशीट’ला ‘एस’ लावून बघितला. ‘ऑल कॅन्डिडेट्स मस्ट सबमिट देअर ओरिजिनल मार्कशीट्स.’ व्याकरणाने हेही निर्दोष आहे. पण प्रत्येकाची एक, आणि मुलं अनेक म्हणून गुणपत्रिका अनेक, असाही त्याचा अर्थ निघतो. इंग्रजीत कर्ता अनेकवचनी असला की प्रत्येकाकडे एकेक असलेली वस्तूही सहसा अनेकवचनात जाते. ‘एम्प्लॉइज मस्ट वेअर देअर आयडेंटिटी कार्ड्स’ लिहिलं म्हणून कोणी दोन ओळखपत्रं गळ्यात घालत नाही. मग गुणपत्रिकांच्या वाक्यातून किती आणायच्या ते कळणार कसं? ‘एस’ असो वा नसो, ते वाक्य हा प्रश्न सोडवूच शकत नव्हतं.

मराठीत ही अडचण ‘आपापली’ या शब्दाने बरीच सुटते, आणि उरलेली ‘एकेक’, ‘दोन-दोन’ अशा द्विरुक्तीने. ‘सर्वांनी दोन-दोन छायाचित्रे आणावीत.’ किती नेमकं आहे हे वाक्य. इंग्रजीत अशी द्विरुक्ती नाही. तिथे कर्ताच बदलावा लागतो. ‘ऑल’ काढायचा, ‘ईच’ आणायचा, आणि संख्या उघड लिहायची. ‘ईच कॅन्डिडेट मस्ट सबमिट द ओरिजिनल मार्कशीट ऑफ एव्हरी सेमिस्टर.’ ‘ईच कॅन्डिडेट मस्ट ब्रिंग टू फोटोग्राफ्स.’ आता दुसरा अर्थ निघायला जागा नाही. ‘ईच’ आणि ‘एव्हरी’ हे ‘प्रत्येक’सारखेच एकवचनी आहेत, म्हणून क्रियापदही ‘हॅज’, ‘इज’. या वाक्यात ‘हिज’, ‘हर’ की ‘देअर’ असा पेच पडतो तो टाळायचाही मार्ग हाच आहे. सर्वनाम गाळून टाका, ‘द’ किंवा संख्या ठेवा. ‘ईच’बरोबर ‘देअर’ आज औपचारिक लेखनातही स्वीकारलं जातं, पण वाक्य सर्वनामाशिवाय उभं राहत असेल तर मी ते तसंच ठेवते.

औपचारिक इंग्रजी हे कसं हाताळतं ते पाहायला आपल्याकडे उत्तम नमुना आहे, संविधानाचा इंग्रजी मसुदा. डॉ. बाबासाहेब आंबेडकर अध्यक्ष असलेल्या मसुदा समितीने त्यावर काम केलं आणि संविधान सभेने तो 26 नोव्हेंबर 1949 रोजी स्वीकारला. एकेका शब्दावर चर्चा झालेला हा मजकूर आहे, म्हणून मी तो वचनासाठी पुन्हा पुन्हा वाचते. 14व्या अनुच्छेदात ‘एनी पर्सन’ आहे, 21व्यात ‘नो पर्सन’. ‘सर्व माणसं’ असा समूह तिथे नाही, एकेका व्यक्तीला संरक्षण दिलेलं आहे. 19व्यात मात्र ‘ऑल सिटिझन्स शॅल हॅव द राइट’. कर्ता अनेकवचनी आणि ‘राइट’ एकवचनी. अनेकांना मिळूनही हक्क तोच, प्रत्येकाकडे पूर्ण. अमूर्त गोष्ट सगळ्यांना सारखी लागू असेल तर कर्ता अनेकवचनी असूनही ती एकवचनात ठेवता येते, हे या एका वाक्यातून कळतं. आणि 14व्या अनुच्छेदातच दोन शेजारी-शेजारी रूपं आहेत, ‘इक्वॉलिटी बिफोर द लॉ’ आणि ‘इक्वल प्रोटेक्शन ऑफ द लॉज’. पहिल्यात कायदा ही एक संस्था, जिच्यापुढे सगळे सारखे. दुसऱ्यात प्रत्यक्ष लागू असलेले अनेक कायदे. एका ओळीत एकाच नामाची दोन वचनं, आणि दोन्ही जागच्या जागी.

कायदे लिहिणारे एकवचन निर्धास्तपणे वापरू शकतात याला एक कारणही आहे. 1897च्या जनरल क्लॉजेस अ‍ॅक्टच्या 13व्या कलमानुसार केंद्रीय कायद्यांत, विषयाशी किंवा संदर्भाशी विसंगत होत नसेल तर, एकवचनात अनेकवचन आणि अनेकवचनात एकवचन धरलं जातं. करारपत्रांमध्ये अशा अर्थाची ओळ म्हणूनच वेगळी घालतात. आपल्या सूचनाफलकाला असं कुठलंही कलम राखत नाही. तिथे लिहिलेलं तेवढंच खरं, आणि म्हणून तिथे जास्त जपून लिहावं लागतं.

‘प्राचार्य आले आहेत’

आदरार्थी अनेकवचन इंग्रजीत नेता येत नाही. ‘द प्रिन्सिपल हॅव अ‍ॅप्रूव्हड’ ही चूक आदरापोटी होते, तरी ‘हॅज’च हवं. एकाच व्यक्तीकडे दोन पदं असतील तर ‘द प्रिन्सिपल अँड सेक्रेटरी हॅज साइन्ड’. दोन व्यक्ती असतील तर दुसऱ्या पदाआधीही ‘द’ घाला आणि ‘हॅव’ लिहा. त्या एका ‘द’मुळे सह्या किती हव्यात ते ठरतं.

‘कमिटी’ आणि ‘बोर्ड’साठी ‘हॅज’ लिहा. ब्रिटिश लेखनात ‘हॅव’ही दिसतं, पण एका पत्रात दोन्ही नकोत. ‘पोलीस’ मात्र नेहमी ‘आर’. ‘अ नंबर ऑफ’ आणि ‘द नंबर ऑफ’मध्ये गोंधळ झाला तर मराठीत म्हणून बघा. ‘बरेच विद्यार्थी गैरहजर आहेत’ असा अर्थ असेल तर ‘आर’, ‘विद्यार्थ्यांची संख्या वाढली आहे’ असेल तर ‘हॅज’.

लॅटिनमधून आलेले

‘निकष’ मराठीत एक असो वा तीन, तसाच राहतो, म्हणून ‘अ क्रायटेरिया’ लिहिलं जातं. एक असेल तर ‘क्रायटेरियन’, मुळात ग्रीक. एक माजी विद्यार्थी ‘अ‍ॅलम्नस’, एक माजी विद्यार्थिनी ‘अ‍ॅलम्ना’, सगळे मिळून ‘अ‍ॅलम्नाय’. ‘आय अ‍ॅम अ‍ॅन अ‍ॅलम्नाय’ हे वाक्य माजी विद्यार्थी मेळाव्याच्या अर्जांत जवळजवळ प्रत्येक वर्षी येतं. शुद्धिपत्रकात एक दुरुस्ती असेल तर ‘कॉरिजेंडम’, अनेक असतील तर ‘कॉरिजेंडा’. ‘अजेंडा’ लॅटिनमध्ये अनेकवचन होतं, इंग्रजीत आता एकवचन झालं आहे, त्याला निःशंक ‘इज’ लावा. ‘डेटा’ शास्त्रीय शोधनिबंधात बरेच जण अनेकवचनी मानतात, कार्यालयीन लेखनात ‘इज’ चालतं. जे निवडाल ते अहवालाच्या शेवटच्या पानापर्यंत पाळा.

पाठवण्याआधी

मी पत्र डोळ्यांनी वाचून ही तपासणी करत नाही, कारण आपण लिहिलेलं आपल्याला बरोबरच दिसतं. कंट्रोल आणि एफ दाबून शब्द शोधते. आधी ‘वन ऑफ’, मग ‘ऑल’ आणि ‘देअर’, मग ‘रिगार्ड’. त्यानंतर टेबलावरच्या कागदातली ती सात-आठ नावं ‘एस’सकट टाकते, ‘एव्हिडन्सेस’, ‘इक्विपमेंट्स’, ‘फर्निचर्स’. सगळ्यात शेवटी ‘डॅमेजेस’. तो सापडला की वाक्य सुरुवातीपासून वाचते आणि लिहिणाऱ्याला हाक मारून विचारते, ‘नुकसान म्हणायचंय की भरपाई?’